बिरूचं जावळ आणि माझं अक्षर

"पोरांनी चाळे केले, तर पोरीला का घरी बसवता?"

मी हा प्रश्न विचारला तेव्हा बिरोबाच्या देवळापुढच्या मांडवात आमची सगळी भावकी बसलेली होती. आप्पासाहेब न्हाव्यांनी वस्तऱ्याला नुकतीच धार लावली होती, मागं चुलाणावर रश्श्याला उकळी फुटली होती, आणि ज्याचं जावळ काढायचं तो माझा दहा महिन्यांचा चुलतभाऊ बिरू पुढ्यातल्या नारळाची शेंडी चघळत होता.

आधीच कबूल करते, आवाज माझा होता पण छाती उसनी होती. सहामाहीचा शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही बारामतीच्या एस्टी स्टँडवर बसलो होतो. नेहमी चौघी असतो, त्या दिवशी तिघीच होतो. स्वराली म्हणाली, "तालुक्यात पहिली आलीस नव्हं भाषणात? मग भावकीफुडं इचारून दाखव की."

"न्हाय इचारायची ती," आक्काबाई म्हणाली. आक्काबाई हे पंधरा वर्षांच्या मुलीचं नाव आहे, तिच्या आजीचं ठेवलंय. "हिचं भाषाण डबा मिळाला की संपतं."

हा डबा माझ्या वर्मी बसला. कारण तो खरा आहे. स्टीलचा, चार कप्प्यांचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. सप्टेंबरात वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस म्हणून मिळाला. विषय होता 'मुलग्यांना वळण कोण लावणार?' मी टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "ज्या घरात भावाच्या हातातलं काम बहीण काढून घेते, त्या घराचा पाया भुसभुशीत असतो!" लोक टाळ्या वाजवत होते. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या भावाची, यशराजची, विज्ञानाची वही पूर्ण करून दिली. त्याला आकृत्या जमत नाहीत.

डब्यावरचं नाव वाचून बाहेरचे लोक हसतात. 'कु. छकुली दादासो कोकरे'. घरात छकुली आणि हजेरीपटावरही छकुलीच. शाळेत नाव घालायला आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले होते. गुरुजींनी विचारलं, "पोरीचं नाव?" आबांच्या तोंडात जे होतं ते त्यांनी सांगितलं. उद्या मी कलेक्टर झाले तरी दारावर हीच पाटी लागणार. आणि कलेक्टर व्हायचं मी सप्टेंबरपासून नक्की केलंय.

तर चौथी जागा रिकामी होती ती संस्कृतीची. संस्कृती म्हणजे बिरूच्या आईच्या, आमच्या सारजाकाकींच्या, भावाची मुलगी. तिचे वडील दत्तोबामामा कळंबचे. आमच्या आबांनी मेंढरं विकून ऊस लावला त्याला वीस वर्षं झाली, पण मामांनी मेंढरं सोडली नाहीत. दिवाळी झाली की ते घाटाखाली जातात आणि मिरगाला परततात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिला बहिणीकडं, म्हणजे आमच्या घरी, कऱ्हाटीला ठेवली. तीन वर्षं आम्ही दोघी एका वाकळेत झोपलो आणि एका आरशात वेण्या घातल्या.

सहामाहीच्या पेपरात तिच्या कंपासपेटीत सरांना एक चिठ्ठी सापडली. खाली नाव नव्हतं. कुणी दिली, विचारलं तर ती बोलेना. शाळेतून कळंबला निरोप गेला, मामा एम-एटीवरून आले आणि तिची पत्र्याची पेटी मागं बांधून तिला घेऊन गेले. मला ती चिठ्ठी बघायलाही मिळाली नाही. आता परवा त्यांची मेंढरं हलणार होती आणि संस्कृतीही मेंढरांमागं जाणार होती. म्हणजे नववीचं वर्ष गेलं. आमच्यात मुलीचं एक वर्ष गेलं की पुढं काय होतं ते आमच्या बेबीआत्याचं सगळ्यांनी बघितलंय. सोळाव्या वर्षी पाळणा.

म्हणून मी तो प्रश्न विचारला. पैज होती लाल रिबिनीची, हेही सांगून टाकते.

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मग प्रयागबाई, म्हणजे माझी आज्जी, मोठ्यानं म्हणाली, "कुणाची गं ही पोरगी?"

"तुजीच नात हाय," आबा म्हणाले.

"माजी नात असली बोलत न्हाय."

मी आणखी बोलणार होते. पाठ केलेली दोन वाक्यं शिल्लक होती, त्यात एक संस्कृत सुभाषितही होतं. पण तेवढ्यात दत्तोबामामा उठून उभे राहिले. जावळाला मामा लागतो. मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय लेकराच्या केसांना वस्तरा लागत नाही, ही आमची रीत. आणि बिरूचे मामा म्हणजे तेच. तीन वर्षं आमच्या घरी लेक ठेवलेला आणि आठ दिवसांपूर्वी ती उचलून नेलेला माणूस. आज ते आले होते ते फक्त बहिणीसाठी. संस्कृतीही आली होती, बायकांत मागं बसली होती, आणि सकाळपासून तिनं माझ्याकडं बघितलं नव्हतं.

"पोरगी बराबर बोलली," मामा म्हणाले. "माझ्या पोरीची मी शाळा सोडवली. करणारा मातूर हितंच बसलाय. एस्टीनं जाणारी अकरा पोरं हायती ह्या मांडवात. ही चिठ्ठी कुणाची ते आधी सांगा. मग मी मांडी देतो."

त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडी घातलेला कागद.

"पाव्हणं, मुहूर्त चाललाय," कुंडलिककाका म्हणाले. बिरूचे वडील. साखर कारखान्यात टाइमकीपर आहेत, त्यामुळे मुहूर्त, एस्टी आणि माणसं, सगळ्यांचा उशीर त्यांना सारखाच सहन होत नाही. "ते मागनं बघू की."

"मागनं मी घाटाखाली असंन."

सारजाकाकी बिरूला घेऊन दोघांच्या मधोमध उभ्या होत्या. एकीकडं नवरा, एकीकडं भाऊ. काकींनी नंतर मला सांगितलं, "त्या टायमाला मला वाटलं, वस्तरा घ्यावा आन् आपणच पोराचं केस काढावं. तुमची रीत बसा म्हणावं धरून." पण त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "वाचा की मग. वाचल्याबिगर कसं कळंल कुणाचं हाय?"

काका वाचू लागले. काका कारखान्यातल्या पाळीची यादी वाचावी तसं सगळं वाचतात.

"पाण्यावर उभं तू गुलाबी पाखरा एका पायावर तुझ्या तोललेलं आभाळ तू मान वळवलीस की लाट थांबते आणि माझी वही कोरी राहते."

आता माझ्या मनात काय काय आलं ते क्रमानं सांगते, कारण त्यात माझी अब्रू जाते आणि ती जायलाच हवी. पहिलं आलं, किती सुंदर लिहिलंय! दुसरं आलं, काका, 'पाखरा'पाशी थांबायचं असतं, तुम्ही वाट लावली. तिसरं आलं, पण थांबायचं असतं हे मला कसं माहीत?

आणि मग मला यशराजची वही आठवली.

ऑगस्टात शाळेची सहल भिगवणला गेली होती. उजनीच्या फुगवट्यावर तेव्हा एकही रोहित पक्षी नव्हता, तो हिवाळ्यात येतो. आम्ही मासळी बाजार बघितला आणि भजी खाऊन परत आलो. पण यशराज घरी येऊन म्हणाला, "तायडे, मराठीच्या बाईंनी पक्षावर चार ओळी लिवाय सांगितल्यात." मी म्हणाले, "आण हिकडं. तुला काय जमणार!" आणि न पाहिलेल्या पक्ष्यावर कविता लिहिली. हिरव्या शाईनं. कोपऱ्यात एक कळी काढली. मी सगळीकडं ती कळी काढते, निबंधाखाली, दुधाच्या हिशोबाखाली, लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरसुद्धा. कलाकाराची खूण असावी म्हणून.

"एका पायावर म्हंजी?" दत्तोबामामांचा आवाज चढला. "माझी पोरगी लंगडी हाय व्हय?"

"तसं न्हाय मामा, कविता हाय ती," कुणीतरी म्हणालं.

"मग कवितेत लंगडी केली तर चालतं?"

"चांगली तर चालती पोरगी," मागून एक म्हातारी म्हणाली. "आत्ताच पाण्याची घागर घिऊन आली की."

"आन् गुलाबी कुठं हाय? सावळी हाय," दुसरी म्हणाली.

एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी माझ्या कवितेचं समीक्षण मी खाली मान घालून ऐकलं.

आबांनी काठी आपटली. आमच्या भावकीत आबांचा, तात्याबांचा, शब्द शेवटचा असतो. ते म्हणाले, "आकशर कुणाचं, बघा. कागुद फिरवा."

कागद बायकांकडं गेला. आणि मग जे सुरू झालं ते करमणुकीचं होतं, मला करमणूक घेता आली असती तर. एकेक आई आपापल्या मुलाला सोडवायला लागली.

"आमच्या बाळ्याचं न्हाय. त्याचं आकशर म्हंजी चिखलातनं कोंबडी गेल्यागत."

"आमचा तर रेघंवर लिवतच न्हाय."

"आमच्याला तर स्वताचं नावच धड येत न्हाय, इचारा गुरुजीस्नी!"

त्या दिवशी कऱ्हाटीच्या आयांनी आपली पोरं किती मठ्ठ आहेत हे चढाओढीनं सिद्ध केलं, आणि पोरं मान वर करून बसली. सुटका झाली म्हणून.

मग कागद माझ्या आईच्या हातात आला.

आईनं तो बघितला. फार वेळ नाही, भाकरी भाजली की नाही बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग तिनं तो घडी घालून मांडीखाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. आईनं पुढं मला सांगितलं, की तिला सगळं तिथंच कळलं. रोज संध्याकाळी मी यशराजच्या वह्या घेऊन बसते तेव्हा दिवा तीच पुढं सरकवते. "मी म्हणलं, पोरगी आन् पोरगा दोघं बी माझीच. कागुद मांडीखाली ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे. त्या घडीला मला संस्कृतीची आई आठवली न्हाय बघ. मागनं आठवली." आई हे सांगताना भांडी घासत होती आणि तिनं मान वर केली नाही.

मी यशराजकडं बघितलं. तो आज्जीला टेकून बसला होता आणि आज्जीनं पदराचं टोक त्याच्या डोक्यावर ओढलं होतं. चौदा वर्षांचा घोडा, पदराखाली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

मग मी संस्कृतीकडं बघितलं. आणि ती पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होती. तिनं अगदी हळू मान हलवली. नको, अशी.

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, ती म्हणतेय, आणखी भाषण नको.

"आकशर माझं हाय," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी एका वाक्यात थांबले. टाळी कुणी वाजवली नाही.

"तू?" काका म्हणाले. "तू पोरीला चिठ्ठी लिवलीस?"

"तिला न्हाय लिवली. पक्षाला लिवली."

मांडवात हशा पिकला. आप्पासाहेबांचा वस्तराही हसण्यानं हलला. दत्तोबामामा हसले नाहीत. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी सरळ विचारलं, "लिवलं तू. मान्य. दिलं कुणी?"

मी तोंड उघडलं. यशराजचं उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. त्याला पाव्हण्यांनी 'कितवीला' विचारलं तरी मी सांगते. पण मामांनी हात वर केला. "तू न्हाय. ज्यानं दिलं त्यो बोलंल."

सगळीजणं मान वळवून बघू लागली, आणि माझ्या नजरेवरून सगळ्यांना कळलंच. यशराज उभा राहिला. त्यानं आज्जीकडं बघितलं.

"पोराला ताप हाय," आज्जी म्हणाली. "सकाळधरनं अंग तापलंय. त्याला कशाला हुबा करताय?"

"आय, गप्प बस," माझे वडील म्हणाले. आमचे दादा आज्जीला असं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. पण ते यशराजलाही काही म्हणाले नाहीत. मामांकडं वळले आणि हात जोडले. "दत्तोबा, माझ्या पोराची चूक हाय. मी माफी मागतो."

"तुमी कशाला, दाजी? तुमी दिलीत व्हय चिठ्ठी?"

मामा थोडा वेळ यशराजकडं बघत राहिले, पाऊस येईल का बघावं तसे. मग त्यांनी सारजाकाकींच्या कडेवरून बिरूला घेतलं आणि पाटावर मांडी घातली. "लेकराचा काय दोष? घ्या आप्पासाहेब."

बिरू जावळ काढताना रडला नाही. मामांच्या मिशीला धरून बसला. केस काकींच्या ओच्यात पडत होते आणि काकी मात्र रडत होत्या. बिरूला ताटात बसवून न्हाऊ घालून झालं, टोपडं घालून झालं, मग मामांनी पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "येतो. जेवणार न्हाय."

जावळाचा मामा न जेवता उठला! रश्श्याचं पातेलं उतरवणारी माणसं तशीच थांबली. बहिणीच्या घरचं अन्न नाकारणं म्हणजे काय, हे आमच्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

संस्कृती एम-एटीच्या मागं बसली. मी धावत गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, आणि मला ठरवल्याशिवाय बोलता येत नाही हे तेव्हा कळलं. तीच बोलली.

"तुजं आकशर मी बघितल्या बघितल्या वळखलं व्हतं. कळी हाय की खाली."

"मग? सांगितलं का न्हाईस?"

"तुला इचारणार व्हते, म्हणून पेटीत ठिवली. तवर सरांनी धरली." मग ती किंचित हसली. "सांगितलं असतं तर तुजा डबा काढून घेतला असता."

एम-एटी धूर सोडत गेली. मी जन्मात पहिल्यांदा त्या डब्याचा विचार करून लाजले.

मांडवात पंगत बसली होती, पण आबा बसले नव्हते. ते काठीवर हनुवटी टेकून एस्टीनं जाणाऱ्या अकरा पोरांच्या बापांना बोलत होते.

"आमी मेंढरं राखायचो तवा, कुणाच्या हिरव्या रानात मेंढरं शिरली तर त्या बांधावर कोण जायचं? सांगा. म्हाताऱ्यांनो, तुमी सांगा."

"राखणवाला," एक म्हातारा म्हणाला.

"राखणवाला. नऊ वर्साचं पोर आसंल तरी त्योच जायचा. बाप मेंढरांच्या वाड्यावर बसायचा. मी नऊ वर्साचा आसताना गेलो. शेतकऱ्यानं दोन मुस्काटात दिल्या आन् भाकरी बी दिली. म्हनालो, माझी नजर चुकली, तुमचं पीक खाल्लं. बास. पुन्यांदा माझी नजर चुकली न्हाय." आबांनी काठी यशराजच्या दिशेला केली. "आन् आज? पोराचं मेंढरू दुसऱ्याच्या रानात, आन् बाप हात जोडतो, आज्जी ताप सांगती, बहीण वही लिवती. राखण ज्याची, त्योच पदराखाली!"

हे माझ्या भाषणापेक्षा चांगलं होतं. सुभाषितसुद्धा नव्हतं त्यात. मला वाटलं आता भावकी काहीतरी ठरवेल. पण दुसरा एक म्हातारा म्हणाला, "तात्याबा, ते रान जाधवाचं व्हय? हरभरा व्हता त्यात."

"हरभरा न्हवं, शाळू."

"शाळू कसा आसंल? दिवाळीफुडं..."

आणि अर्धा तास साठ वर्षांपूर्वी मेंढरांनी काय खाल्लं यावर वाद झाला. आमची भावकी अशी आहे. मीही तिचीच मुलगी आहे, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. पण तिघा बापांनी रस्सा तसाच ठेवून आपापल्या पोराला बाजूला नेलेलं मी बघितलं. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. एक पोरगा डोळे पुसत परत आला.

दिवे लागायच्या वेळी आम्ही सगळे घरी ओसरीवर होतो. बिरूचं टक्कल चमकत होतं आणि तेवढंच घरात प्रसन्न होतं.

"मी सांगू का," कुंडलिककाका म्हणाले, "हे सरळ मिटतंय. पोरगी घरात वावरलेली. यशराज हाय. सोयरीक बोलून टाकू. दोन-चार वर्सांनी उरकू. चिठ्ठी बी मग वावगी ऱ्हात न्हाय."

"वाईट न्हाय," आज्जी म्हणाली. आज्जीला पदरातला नातू सुटल्यासारखा वाटला.

सारजाकाकींनी बिरूला खाली ठेवलं. आठ वर्षांत या घरात काकींनी नवऱ्याला सगळ्यांसमोर उलटं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. "म्हंजी चिठ्ठी टाकायची ह्यानं, शाळा सुटायची तिची, आन् वर बक्षीस म्हणून ह्यालाच पोरगी द्यायची? असं आसंल तर ह्या बिरूला बी आत्तापास्नंच चिठ्ठ्या लिवायला शिकवा."

आई काकींच्या शेजारी जाऊन बसली. विहिरीच्या पाण्यावरून त्यांचं एकदा वाजलं होतं, तेव्हापासून त्या दोघी शेजारी बसत नव्हत्या. "सारजा बराबर बोलती," आई म्हणाली.

काकांनी बिरूला उचलून घेतलं. दादा म्हणाले, "परवा मेंढरं हलत्यात. उद्या सकाळी मीच जातो कळंबला. शाल, नारळ घेतो. पाय धरतो. पोरीला शाळेत परत पाठीव म्हणतो. बघू."

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. यशराज तिथं चुलीपाशी बसला होता. कुणाला तोंड दाखवत नव्हता.

"का दिलीस?" मी विचारलं.

"एस्टीत मागच्या शिटावर पोरं म्हणाली, तुज्यात दम न्हाय." तो राखेत काडीनं रेघा मारत होता. "म्हणाली, घरातलीच पोरगी हाय, तिला सुदिक चिठ्ठी टाकता येत न्हाय तुला. मग कविता व्हतीच वहीत. वर नाव बी घातलं न्हाय. तिला कळलंच न्हाय कुणाची ते."

मलाही मैत्रिणींनी दमावर बोललं होतं. मी मांडवात उभी राहिले आणि मला लाल रिबीन मिळणार होती. त्याच्या दमाची किंमत संस्कृतीनं दिली. आणि दोन्ही वेळा शब्द माझेच होते.

मग तो म्हणाला, "तायडे, मामांना काय बोलायचं ते लिवून दे की. मी पाठ करतो. तुला चांगलं जमतं."

आणि मी काय केलं सांगू? मी खिशातून पेन काढलं. हिरव्या शाईचं. दुधाच्या वहीचं मागचं पान फाडलं. 'आदरणीय दत्तोबामामा, सप्रेम नमस्कार. माझ्या अजाण हातून...' इथपर्यंत लिहिलंसुद्धा. 'अजाण' हा शब्द मला फार आवडला. हात आपोआप कोपऱ्याकडं गेला आणि मी कळी काढायला लागले.

दोन पाकळ्या झाल्या आणि मला संस्कृतीचं हसणं आठवलं.

मी कागद चुरगाळला आणि चुलीत टाकला. यशराज दचकला. "अगं, मग मी काय बोलू?"

"मला ठावं न्हाय."

"मला जमायचं न्हाय."

'तुला काय जमणार!' हे माझं वाक्य होतं. वर्षानुवर्षं मी ते त्याला सांगत आले आणि त्यानं ते नीट पाठ केलं. घरात तेवढी एकच गोष्ट त्यानं स्वतः पाठ केलीय.

"जमंल तसं बोल," मी म्हणाले आणि ओसरीवर आले. तो मागं आला, दाराला धरून उभा राहिला. दादा शालीची घडी घालत होते. आबा डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. माझ्या आवाजात या वेळी टेबलावर मूठ आपटण्यासारखं काही नव्हतं.

"आई, दादा, उद्या सव्वासाच्या एस्टीनं मी आन् यशराज कळंबला जाणार. दादा, तुमी यायचं न्हाय. शाल बी नगं, नारळ बी नगं. आकशर माझं व्हतं, त्याची माफी मी मागंन. संस्कृतीनं माझ्यापायी तोंड उघडलं न्हाय, हे बी मामांना मीच सांगंन. चिठ्ठीचं त्यो सांगंल." मी यशराजकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर विरघळले असते. "आन् त्यानं काय बोलायचं ते मी लिवून देणार न्हाय."